उन्हाशी झुंजणारा मका आणि पांडुरंग खानखोजे



झाड उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतं, हे आपण मुलांना शिकवतोच. पण त्याच उन्हात झाडाला इजा करणारे अतिनील किरणही असतात, हे सांगायचं बरेचदा राहून जातं. आपण छत्री घेतो, सावलीत जातो. झाडाने काय करावं? हे समजावताना एका मराठी शास्त्रज्ञाचं चरित्र खूप उपयोगी पडतं.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकातला. बालपण वर्ध्यात गेलं. तरुणपणीच स्वातंत्र्याचं वेड लागलं आणि ते अमेरिकेला गेले. तिथे शेतीशास्त्र शिकता शिकता १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीतही ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते इंग्रजांविरुद्ध लढले. मग मायदेशी परतणं अवघड झालं. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. हातात बंदूक घेतलेला माणूस आता बियाणं निवडत होता!

दुष्काळ आणि रोगराई सोसेल असं पीक गरीब शेतकऱ्याला मिळावं, हा त्यांचा ध्यास. त्यांनी गहू आणि मक्यावर काम केलं. मक्याचा रानटी नातेवाईक टिओसिंटे, त्याचा मक्याशी संकरही केला. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं.

आता उन्हाकडे वळू. चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. हे किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात. मग झाड पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं साठवतं. ती हे किरण शोषून घेतात. झाडाचं सनस्क्रीनच म्हणा ना!

पुढे शास्त्रज्ञांनी उंच प्रदेशातला गावठी मका तपासला. अतिनील किरण पडल्यावर त्याच्या पानांत मेसिन हे द्रव्य वाढलेलं दिसलं. गंमत म्हणजे, कणसाच्या केसांत असलेलं हेच मेसिन कणीस पोखरणाऱ्या अळीलाही त्रासदायक ठरतं. एकच द्रव्य, दोन शत्रूंवर उपयोगी. झाडातलं अतिनील किरण ओळखणारं प्रथिन तर २०११ मध्ये सापडलं. खानखोजेंच्या काळी यातलं काहीच माहीत नव्हतं. पण सोसण्याची ताकद बियाण्यातच असते, हे ओळखून ते काम करत होते. गावठी वाण नाहीसं झालं की ही ताकदही त्याच्याबरोबर जाते. म्हणून जुनं बियाणं जपायचं, हे मुलांना जरूर सांगा.

आता एक सोपा प्रयोग. आपल्या रबाळ्यात अंगण कमी, पण खिडकी आणि गच्ची आहेच. दोन कुंड्यांत मक्याचे दाणे पेरा. एक कुंडी बंद काचेच्या आत ठेवा, दुसरी उघड्या उन्हात. साध्या काचेतून अतिनील-बी किरण फारसे आत येत नाहीत. पंधरा दिवस पानांचा रंग, जाडी आणि उंची वहीत लिहायला सांगा. मात्र फरक दिसला की लगेच अतिनील किरणांचं नाव घेऊ देऊ नका. गच्चीवर ऊन, वारा, उष्णता सगळंच जास्त असतं. आणखी काय काय वेगळं होतं, हे मुलांनाच शोधू द्या. विज्ञान तिथूनच सुरू होतं.

आणि हो, काचेआड वाढलेलं रोप एकदम कडक उन्हात ठेवू नका, पानं भाजतात. रोज थोडं थोडं ऊन दाखवा, म्हणजे त्याला स्वतःचं संरक्षण तयार करायला वेळ मिळेल.