डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि फॉलिक ॲसिडची गोळी

रक्तवाढीच्या आणि ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या’ अनेक गोळ्यांमध्ये फॉलिक ॲसिड असते. ते प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

सुब्बारावांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे झाला. तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आजाराने गेले. या आजारात आतड्यांना अन्नातील पोषक घटक नीट शोषून घेता येत नाहीत. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांनी गांधीजींच्या आवाहनानुसार खादी घातली. त्यामुळे इंग्रज प्राध्यापक नाराज झाले आणि सुब्बारावांना एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी मिळाली.

१९२३ मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पोटासाठी रुग्णालयात पडेल ते काम करत हार्वर्डमध्ये शिकले. तेथे सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. पुढे १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केले. भावांचा बळी घेणाऱ्या स्प्रूवरही ते उपयोगी ठरले.

मात्र लवकरच डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. बी१२ कमी असलेल्या रुग्णाला नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर हिमोग्लोबिन सुधारते. पण मज्जातंतूंची हानी सुरूच राहते. बी१२ शुद्ध स्वरूपात वेगळे झाले १९४८ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, सुब्बारावांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले.

ज्येष्ठांसाठी हा धडा आजही महत्त्वाचा आहे. विसराळूपणा, पायांना मुंग्या किंवा चालताना तोल जाणे यामागे बी१२ची कमतरता असू शकते. शाकाहारी व्यक्ती, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे यांना हा धोका अधिक. म्हणून स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिड सुरू करू नका. आधी रक्तातील बी१२ तपासून घ्या. कमतरता असेल तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतील. उपचाराला उशीर झाल्यास मज्जातंतूंची काही हानी कायमची राहू शकते.

बी१२ पुरेसे असेल, तर जास्तीच्या गोळीने स्मरणशक्ती वाढत नाही. अशा वेळी विसराळूपणाची इतर कारणे शोधावी लागतात. डॉक्टरांकडे जाताना सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या, टॉनिक आणि पावडरी सोबत न्या.