मुर्तझा निजामशाह पहिला

मुर्तझा निजामशाह पहिला (मृत्यू : जून १५८८) हा अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) निजामशाही घराण्याचा चौथा सुलतान होता. त्याने इ.स. १५६५ ते १५८८ या काळात राज्य केले. वऱ्हाडची इमादशाही त्याच्याच कारकिर्दीत निजामशाहीत विलीन झाली. आयुष्याच्या उत्तरार्धात तो दरबारापासून दूर एकांतात राहिला. त्यामुळे इतिहासात तो 'दिवाणा' या उपनामानेही ओळखला जातो. पाणी व वारा यांच्या साहाय्याने घरातील उष्णता आणि आर्द्रता सुसह्य राखणारा फराहबाग महाल त्याच्या काळात पूर्ण झाला.

घराण्याचे मूळ व पाथरी

निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह हा बहामनी राज्याचा वजीर मलिक हसन याचा मुलगा. समकालीन इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तान्तानुसार मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता. विजयनगरशी झालेल्या युद्धात तो पकडला गेला आणि पुढे त्याने इस्लाम धर्म स्वीकारला. त्याच्या पूर्वजांकडे पाथरी (आजचा परभणी जिल्हा) येथील कुलकर्णीपणाचे वतन होते. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीच्या ताब्यात होती. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून मुर्तझाचा आजोबा बुऱ्हाण निजामशाह पहिला याने मोबदल्यात दुसरा प्रदेश देऊ केला. इमादशाहीने नकार देताच त्याने इ.स. १५१८ मध्ये पाथरी जिंकली. काही काळाने ती हातची गेली. ती त्याने १५२७ मध्ये पुन्हा घेतली, तेथील किल्ला पाडला आणि गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिले.

राज्यारोहण

मुर्तझा हा हुसेन निजामशाह पहिला व खुंझा हुमायून यांचा मुलगा आणि चांदबिबीचा भाऊ. तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच, १५६५ मध्ये, हुसेनचा मृत्यू झाला व मुर्तझा गादीवर आला. प्रारंभी कारभार खुंझा हुमायूनच्या हाती होता. १५६९ च्या सुमारास तिला कैद करून मुर्तझाने सत्ता स्वतःकडे घेतली. १५७०–७१ मध्ये त्याने विजापूरच्या अली आदिलशाहाशी संधान बांधून पोर्तुगीजांच्या चौल ठाण्याला वेढा घातला. परंतु ठाणे हाती आले नाही आणि तह करावा लागला.

वऱ्हाडचा विजय

इमादशाहीत तुफालखान या सरदाराने अल्पवयीन राजाला नरनाळा किल्ल्यात ठेवून सत्ता बळकावली होती. वजीर चंगीझखान याच्या साहाय्याने मुर्तझाने वऱ्हाडवर मोहीम काढली. नरनाळा व गाविलगड हाती आल्यावर १५७४ मध्ये इमादशाही संपुष्टात आली. ज्या सीमेवरील पाथरीसाठी आजोबाला दोनदा लढावे लागले होते, ती सीमाच आता उरली नाही.

एकांतवास

या विजयानंतर चंगीझखानावर स्वतंत्र होण्याच्या महत्त्वाकांक्षेचा खोटा आरोप झाला. तो खरा मानून मुर्तझाने त्याला विष देवविले. वजिराचे निर्दोषत्व पुढे लक्षात आल्यावर त्याला तीव्र पश्चात्ताप झाला व त्याने लोकांसमोर येणे जवळजवळ बंद केले. राज्याचा भार प्रथम साहिबखान या मर्जीतल्या माणसाच्या वर्चस्वामुळे विस्कटला, तर नंतर सलाबतखान दुसरा याच्या कार्यक्षम कारभारामुळे सावरला.

फराहबाग

फराहबाग अहमदनगर शहराच्या आग्नेयेस आहे. आधीच्या बांधकामाचा आराखडा पसंत न पडल्याने ते पाडण्यात आले आणि सलाबतखान दुसरा याच्या देखरेखीखाली नवा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. दगड व चुन्यात बांधलेला हा दुमजली महाल एका मोठ्या तलावाच्या मध्यभागी उभा असून त्याच्या मधोमध उंच घुमटाचे दालन आहे. निजामशाहीत शहराला भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणले जाई. बागा व तलाव याच व्यवस्थेवर अवलंबून होते. आज तलाव कोरडा आहे.

महालाची रचना दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्याला अनुसरून आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते; एक ग्रॅम पाण्यासाठी सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. त्यामुळे तलावावरून येणारा वारा काहीसा थंड व दमट होऊन कमानींतून आत शिरतो. तापलेली हवा हलकी होऊन घुमटाकडे चढते. जाड भिंती दिवसाचे ऊन आत पोहोचू देत नाहीत, तर चुन्याचा गिलावा हवेतील ओलावा थोडाफार शोषतो व हवा कोरडी झाली की परत सोडतो. या रचनेत पाण्याइतकेच महत्त्व खुल्या कमानींना आहे. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर बाष्पीभवन मंदावते व गारवाही थांबतो. पावसाळ्यात हवा मुळातच दमट असल्याने पाण्याचा उपयोग होत नाही. तेव्हा वाराच कामी येतो.

पाथरीसह मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांतील जाड मातीच्या भिंती, दारा-खिडक्यांना लावलेले वाळ्याचे ओले पडदे आणि आजचे कूलर यांमागेही हीच तत्त्वे आहेत. कूलर चालू असताना खिडकी बंद ठेवल्यास खोली चिकट व उकाड्याची होते, याचे कारणही तेच आहे.

मृत्यू

अखेरच्या वर्षांत मुर्तझाला मुलगा मीरान हुसेन याच्याविषयी संशय वाटू लागला. त्याने मुलाच्या शयनगृहाला आग लावून दार बंद करविले. परंतु मुलगा बचावला व त्याला दौलताबादला नेण्यात आले. सलाबतखान त्यापूर्वीच राजाज्ञेने स्वतःहून कैदेत गेला होता. मिर्झाखान या सरदाराने मीरान हुसेनला परत आणले व जून १५८८ मध्ये राजवाडा ताब्यात घेतला. फिरिश्ता त्या वेळी राजवाड्यात पहाऱ्यावर होता. मीरान हुसेनने ओळखल्यामुळे त्याचे प्राण वाचले.

त्याच्या वृत्तान्तानुसार मीरान हुसेनने आजारी पित्याला हमामखान्यात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खाली मोठा जाळ पेटविला. वाफ व उष्णतेने मुर्तझा गुदमरून मरण पावला. वाफेने भरलेल्या बंद खोलीत घाम वाळत नाही. त्यामुळे शरीराला स्वतःची उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग उरत नाही. फराहबागेत पाणी, उष्णता व हवा यांचा जो मेळ वाऱ्यामुळे सुखकर होत होता, तोच वारा रोखल्यावर प्राणघातक ठरला.

मीरान हुसेनची सत्ताही वर्षभर टिकली नाही. १५८९ मध्ये मिर्झाखानाने त्याचाही वध करविला.

मूल्यमापन

मुर्तझाच्या काळात निजामशाहीचा मोठा विस्तार झाला. मात्र राजाच्या संशयी व एकांतप्रिय वृत्तीमुळे दरबारातील गटबाजी बळावली. पुढील दशकात मोगलांनी अहमदनगरवर चाल केली, तेव्हा किल्ल्याचा बचाव करण्याची जबाबदारी त्याची बहीण चांदबिबी हिला घ्यावी लागली. फराहबाग हे त्याच्या कारकिर्दीचे ठळक वास्तुस्मारक मानले जाते.