पडदे रंगविणारे कलामहर्षी : बाबूराव पेंटर

पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सवात जन्मकल्याणकाचा दिवस उजाडला की मंडपातील व्यासपीठावर राजदरबार उभा राहतो. मागे महालाचा रंगविलेला पडदा, पुढे सिंहासन आणि दोहो बाजूंस मुकुट-कुंडले ल्यालेले इंद्र-इंद्राणी. आपल्यापैकी अनेकांनी हा सोहळा डोळे भरून पाहिला आहे, कित्येकांनी बोली घेऊन तो मुकुट मस्तकी धारणही केला आहे. त्या वेळी पडदा कोणी रंगविला, पोशाख कोणी योजिला, हे विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. मराठी रंगभूमीला ज्यांनी असे पडदे दिले आणि पुढे पडदाच बाजूस सारला, त्या कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे चरित्र म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, चित्रकला अशा अनेक कलांत निष्णात कारागीर. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच. कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. घर हीच शाळा आणि चुलत बंधू आनंदराव हेच सहाध्यायी. ‘पेंटर’ हे आडनाव त्यांना धंद्याने दिले.

१९१० ते १९१६ या काळात या दोघा बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळ्यांचा तो बहराचा काळ होता. मंडळी गावोगाव फिरत. त्यामुळे महाल, रस्ता, अरण्य, उपवन हे सारे विश्व बांबूला गुंडाळून बैलगाडीत वा रेल्वेत चढविता आले पाहिजे, ही पहिली अट. मांजरपाटाच्या जोडलेल्या पट्ट्यांवर खडूची भुकटी, रंगाची पूड आणि सरस यांचा लेप द्यावयाचा. तो गुंडाळताना तडकता कामा नये आणि दिव्यांच्या उजेडात भगभगीतही दिसता कामा नये. सपाट कापडावर खांबांमागे खांब लांबवर गेल्याचा भास निर्माण करणे ही यातील खरी विद्या, आणि त्यात हे बंधू अग्रगण्य ठरले. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनीही त्यांच्याच चित्रशाळेत कुंचला धरला.

तथापि रंगविलेला खांब कितीही हुबेहूब असला तरी नटाला त्यास टेकून उभे राहता येत नाही. ही उणीव बाबूरावांना सलत असावी, असे त्यांच्या पुढील कार्यावरून वाटते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघा बंधूंनी चित्रपटाचा ध्यास घेतला. विदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो स्वहस्ते घडविण्याचे ठरले. काम अर्ध्यावर असतानाच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. आणि ज्यांचे चरित्र आपल्या समाजाचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांनी लिहिले, त्या राजर्षी शाहू महाराजांचा आश्रयही लाभला. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे भासले की सरकारी परीक्षकांनी ते कापावयास लावले. अहिंसाधर्मीयांस त्या कापाकापीचा खेद वाटणार नाही हे खरे. पण कौशल्य किती होते ते त्यावरून कळते. लोकमान्य टिळकांनी सुवर्णपदक देऊन त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पडदे रंगविण्यात हयात घालविलेल्या या कलावंताने आता रंगीत कापड दूर सारून भिंती, कमानी, जिने प्रत्यक्ष उभारले. चित्रीकरणापूर्वी प्रत्येक पात्राच्या वेशभूषेची आणि हालचालींची रेखाचित्रे ते स्वतः काढीत. ‘सिंहगड’ (१९२३) साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ ही मात्र त्यांची सर्वांत धाडसी कृती. हरि नारायण आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण व्ही. शांताराम यांनी ती भूमिका केली होती. येथे जरीचे पोशाख नाहीत, महाल नाहीत. अंधारलेली झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे, एवढ्यावर बाबूरावांनी अख्ख्या घराची दुर्दशा दाखविली. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ आणि कर्ज यांची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्यातील काही घरांत पूर्वी पेढ्या चालत, हेही लपविण्याचे कारण नाही. वहीतील आकड्याच्या पलीकडे काय घडते, ते या चित्रकाराने पाहिले होते. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाकडे पाठ फिरविली.

बाबूरावांचा हात संथ होता. मनासारखे होईपर्यंत ते काम पुढे सरकू देत नसत. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले व त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. यात शिष्यांना दोष देणे अन्यायाचे होईल; बोलपटाचे युग दाराशी आले होते आणि गुरूंचे मन त्यात नव्हते. प्रभातच्या भव्य नेपथ्यात मूळ शिकवण कोणाची हे जाणत्यांस दिसतच होते. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र लवकरच बंद पडली.

पुढे ‘उषा’, बोलता ‘सावकारी पाश’ (१९३६), ‘प्रतिभा’ हे चित्रपट त्यांनी केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी शांतारामांनी गुरूंना सन्मानाने बोलाविले. उर्वरित काळ चित्रे आणि शिल्पे यांत गेला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांनी देह ठेवला. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले कोल्हापूरचे नाट्यगृहही ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. मांजरपाटावरचे ते महाल आणि ती अरण्ये तर त्याच्या कितीतरी आधीच, गुंडाळून आणि उलगडून, झिजून गेली होती.