हँडल फिरवणारे दादासाहेब

वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं ते जुनं ड्रिलिंग मशीन आठवतंय? बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही. बाकीचे म्हणतात, भंगारात द्या. एखादाच प्लग काढतो, स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि झाकण उघडतो. कपॅसिटर गेलाय, बेअरिंग धरलंय की वाइंडिंग जळालंय, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं.

तुम्ही त्यातले असाल, तर तुमचा पूर्वज इथलाच आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्याचं स्मारक आहे, तिथे तुम्ही सेल्फीही काढला असेल. धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक हे आपण पाठ केलंय, पण हा माणूस मुळात मशीनवेडा होता.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरी, शास्त्र्यांच्या घरात जन्म. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई. जे दिसेल ते शिकले. १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी थेट जर्मनीला गेले. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत छापखाना सुटला. १९११ मध्ये मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि चित्रं हलतात कशी, या प्रश्नाने झोप उडवली. सतत चित्रपट बघून डोळे बिघडले, उपचार झाले. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं. येताना दोन गोष्टी पक्क्या केल्या: विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन.

भोकं कशाला? कच्ची फिल्म तेव्हा कोरी यायची. कॅमेरा ती भोकांत दात अडकवून पुढे ओढतो. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. आता हिशेब करा. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं! हे काम अंधारात करायचं, आणि ते शिकून घेतलं पत्नी सरस्वतीबाईंनी. भांडवल उभं करताना त्यांचे दागिनेही गेले होते.

कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हँडल होतं. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी. मोटर म्हणजे माणसाचा हात! ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’ असे चित्रपट आले. १९१७ मध्ये तर चित्रपट कसा बनतो, यावरच त्यांनी फिल्म काढली. शिकलेलं लपवून ठेवायचा स्वभावच नव्हता. १९१८ मध्ये इथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पुढे भागीदारांशी खटके उडाले, ते काही काळ काशीला निघून गेले आणि परत आले.

मग आली मोटर.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. हाताचा वेग थोडा कमी-जास्त झाला तर डोळा चालवून घेतो, कान घेत नाही. आवाज लगेच चिरका किंवा जाड होतो. त्यामुळे कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण एकाच ठरलेल्या वेगाने, सेकंदाला २४ चौकटी, चालायला हवं. ते काम विजेच्या मोटरचं. इतक्या वर्षांचा सरावलेला हात एका झटक्यात निरुपयोगी ठरला. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मुका तयार झाला होता. नंतर खर्च करून त्याला आवाज द्यावा लागला. तरी १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टीत, कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केलाच. तो त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकातच ते गेले. हाताशी पैसा उरला नव्हता आणि सिनेमावाले त्यांना जवळपास विसरले होते.

तुम्ही आज शिकताय ती मशीनंही कधीतरी जुनी होणार. फाळक्यांनाही हे चुकलं नाही. पण सदुसष्टीतही त्यांनी नव्या मशीनला हात घातला. तेव्हा ती गुरगुरणारी मोटर भंगारात देण्याआधी प्लग काढा आणि झाकण तर उघडून बघा!