एका सदऱ्याचा विद्यार्थी

वक्तृत्वस्पर्धेत आगरकरांचा एकुलता एक सदरा हमखास टाळ्या मिळवून देतो. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा! मीही त्या सदऱ्यावर एकदा बक्षीस पटकावले आहे. परंतु गेल्या वर्षापासून संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहून मी कॉलेज करतो आहे आणि तेच चरित्र आता मला निराळे दिसू लागले आहे.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाडला थोडे शिक्षण होते न होते तोच कचेरीत कारकुनी करावी लागली. पुढे कंपाउंडरीही केली. शिकण्याच्या ओढीने ते रत्नागिरीस पायी गेले, पण तेथे निभाव लागला नाही. अखेर अकोल्यास राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. तोवर एकोणिसावे वर्ष उलटले होते. कारकुनीने पोट भरले, पण शाळेची वर्षे खाल्ली, हे आपण भाषणात सांगत नाही.

पुढे पुण्यास डेक्कन कॉलेज. तेथे परीक्षेच्या फीसाठी नाटक लिहून पैसे मिळवण्याचा त्यांचा बेत होता. प्रा. केरूनाना छत्रे यांना हे कळले आणि त्यांनी पैशाची सोय केली, अशी आठवण सांगतात. मला तो सदरा नव्हे, तर हा प्रसंग मोठा वाटतो. नाटक लिहिण्यात जाणाऱ्या रात्री अभ्यासाला मिळाल्या!

१८७८ साली ते बी. ए. झाले, मग एम. ए. भरपूर पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी तुटपुंज्या वेतनावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणे पत्करले. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, दम्याने जर्जर होऊन वारले.

कष्टाने माणूस घडतो हे खोटे नाही. पगाराच्या दिवशी आईच्या हातावर पैसे ठेवताना मला ते पटते. पण पहिल्या तासाला डोळे मिटू लागतात तेव्हा दुसरी बाजूही पटते. आगरकर कष्टांमुळे शिकले नाहीत. कष्ट असूनही शिकले. आमच्या वर्गात मागच्या बाकावर पेंगणारे आणखी काहीजण आहेत. गुरुजनहो, त्यांना आळशी ठरवण्यापूर्वी एकदा छत्र्यांची आठवण करावी, एवढीच विनंती.