वासुदेव बळवंत फडके

कोल्हापूर हें चित्रपटांचें माहेरघर; तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांस दरोडेखोरांचे बोलपट आवडावेत यांत नवल नाहीं. अमेरिकेंत मंदीच्या काळांत अनेक बँका बुडाल्या व गोरगरिबांच्या ठेवी गेल्या. म्हणून १९३३-३४ सालीं बँका लुटणारा जॉन डिलिंजर कित्येकांस वीर वाटला, व पुढें त्याच्यावर चित्रपट निघाले. महाराष्ट्रांतही दरोड्याचा मार्ग धरलेल्या एका सुशिक्षित गृहस्थाच्या चरित्रावर २००७ सालीं चित्रपट निघाला. मात्र त्यांचा हेतु अगदीं निराळा होता.

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं पनवेलजवळील शिरढोण येथें झाला. पुण्यास ते लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. आई आजारी असतां रजा वेळेवर मिळाली नाहीं व तिची अखेरची भेट अंतरली, हें शल्य त्यांस कायम राहिलें. पुढें १८७६-७७ च्या दुष्काळांत अन्नान्न करणारी प्रजा पाहून, इंग्रजी राज्य उलथून पाडावें असा त्यांनीं निश्चय केला.

सैन्यास द्रव्य हवें; धनिकांनीं हात आखडले. तेव्हां रामोशी मंडळी जमवून फेब्रुवारी १८७९ मध्यें त्यांनीं धामारी हें गांव लुटलें. पाठोपाठ आणखी दरोडे पडले. परंतु साथीदारांचें लक्ष स्वराज्यापेक्षां लुटीच्या वांटणीकडे अधिक, हें पाहून ते खिन्न झाले व श्रीशैलास गेले. मे महिन्यांत त्यांचे प्रमुख साथीदार दौलतराव नाईक चकमकींत पडले. जुलैमध्यें विजापूरकडील देवर नावडगी येथें मेजर डॅनियल यांनीं वासुदेवरावांस पकडलें.

पुण्यास खटला चालला. सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी यांचा मार्ग सनदशीर. तरी सरकारी रोषाची पर्वा न करितां त्यांनीं आरोपीचें वकीलपत्र घेतलें. जन्मठेपेची शिक्षा होऊन वासुदेवरावांस एडन येथें पाठविण्यांत आलें. तेथें कोठडीचें दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, परंतु लवकरच पकडले गेले. अखेर १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

भुकेल्यांचें दुःख स्वतःचें मानणारें त्यांचें अंतःकरण आम्हांस वंदनीय वाटतें. परंतु द्रव्याच्या आशेनें जमलेले हात द्रव्यासाठींच झटतात. हेतु कितीही उदात्त असो, लुटीवर उभारलेलें कार्य टिकत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं वासुदेवरावांची कळकळ घ्यावी व तिला जोशी यांच्या निर्भय, उघड मार्गाची जोड द्यावी.