विश्लेषण : जिवंतपणीच स्वतःच्या मृत्यूची पत्रके वाटणारा जपानी चित्रकार कोण?

सन १८१३. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चित्रकार शिबा कोकान वारल्याची छापील पत्रके त्याच्या ओळखीच्यांकडे पोहोचली. ती काढली होती खुद्द कोकानने! त्यानंतर तो आणखी पाच वर्षे जगला. चित्रात जग जसे दिसते तसेच उतरले पाहिजे, असा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

सुरुवात खोट्या सहीने

कोकानचा जन्म १७४७ चा, एदोतलाच. लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांसाठी गाजलेला सुझुकी हारुनोबू १७७० मध्ये वारला, पण त्याच्या चित्रांना मागणी होतीच. तरुण कोकानने हारुनोबूच्या सहीने चित्रे काढून दिली आणि ती खपलीही. ही कबुली पुढे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत दिली.

युरोपची कला जपानमध्ये कशी?

तेव्हा युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना जपानमध्ये राहण्याची मुभा होती, तीही नागासाकीच्या देजिमा या छोट्याशा बेटावर. त्यांच्या जहाजांतून पुस्तके येत. कोकानला डच भाषा फारशी येत नव्हती. त्यामुळे डच जाणणारे वैद्य ओत्सुकी गेन्ताकू यांच्या मदतीने त्याने एका डच कोशातली कृती समजून घेतली आणि १७८३ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापले. जपानमधले या पद्धतीचे हे पहिले चित्र मानले जाते. त्यात सुमिदा नदीकाठ आहे, पण डावे-उजवे उलटे; कारण ते आरसा आणि भिंग लावलेल्या यंत्रातून बघायचे होते.

पाच वर्षांनी तो थेट नागासाकीला गेला, देजिमाही पाहून आला. युरोपातले तैलरंग हाताशी नसल्याने एगोमाच्या बियांच्या तेलात रंग कालवून त्याने समुद्रकिनारे आणि फुजी पर्वत रंगवला. १७९९ च्या पुस्तकात त्याने छायाप्रकाश नसलेल्या देशी चित्रांवर टीका केली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हेही त्याने सामान्य वाचकांसाठी लिहिले.

मग मृत्यूचे नाटक का?

उतारवयात लोकांचा, भेटीगाठींचा त्याला कंटाळा आला होता. वयही तो नऊ वर्षांनी वाढवून सांगू लागला. पत्रके वाटल्यानंतरचा एक किस्सा सांगतात. रस्त्यात कुणीतरी ओळखून हाक मारली, तर कोकान पळत सुटला. त्या माणसाने गाठलेच, तेव्हा मेलेला माणूस बोलत नसतो, एवढे सांगून तो चालता झाला.

१८१८ मध्ये तो खरोखरच वारला.